जुन्या बार्जच्या पोटात घर करायचं असेल तर

गोव्यातल्या खाणी २०१२ मध्ये थांबल्या, मधे थोडा काळ चालल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ लिजा रद्द केल्यावर मार्च २०१८ मध्ये पुन्हा ठप्प झाल्या. खनिज वाहणाऱ्या बार्ज, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू बोटी, मांडवी-जुवारीच्या काठाने नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या कितीतरी कापून भंगारात गेल्या. एखादी अजून तरंगणारी बार्ज मिळतेय, तिच्या होल्डमध्ये, म्हणजे माल भरायच्या पोटात, घर करू या, असं म्हणणारी माणसं तेव्हापासून बार्जच्या यार्डात येतात. कुणी म्हापशाचं असतं, कुणी पुण्या-मुंबईचं. मोबाईलमध्ये ॲमस्टरडॅमचे फोटो असतात आणि पहिला प्रश्न हमखास खिडक्यांचा.

ॲमस्टरडॅमच्या कालव्यांत अडीच हजारांच्या आसपास हाउसबोटी आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ एके काळी माल वाहत होत्या, हे खरं. केरळात तांदूळ वाहणाऱ्या केट्टुवल्लमच्या हाउसबोटी झाल्या, तेही खरं. पण ॲमस्टरडॅमच्या कालव्यांना भरती-ओहोटी नाही आणि केट्टुवल्लम लाकडी, काथ्याने शिवलेलं. आपल्याकडे पोलादी बार्ज, निम्मं वर्ष खारं आणि निम्मं वर्ष गोडं पाणी, वर वर्षाला तीन मीटरच्या घरात पाऊस. इथे सगळा हिशेब गंजाशी आहे.

म्हणून नव्या माणसाला मी एकच अट घालतो. आतली कुठलीही भिंत, कुठलीही फळी अशी बसवा की दोन माणसांना पाना घेऊन सकाळच्या वेळात ती काढता यावी आणि मागची प्लेट, म्हणजे बार्जचा पोलादी पत्रा, हाताला लागावी. पुढचं सगळं या अटीवरून ठरतं. ही अट पटत नसेल तर जमिनीवर घर बांधावं, स्वस्त पडेल.

घेण्याआधी: आकडे खडूने लिहून घ्या

आपल्या खनिजाच्या बार्जची ठेवण साधारण अशी: मागे इंजिन आणि वर केबिन, पुढे एकच लांबलचक उघडा होल्ड, होल्डच्या खाली दुहेरी तळ आणि दोन्ही बगलांना टाक्या. म्हणजे तुम्ही होल्डमध्ये उभे राहून जो पत्रा बघता तो बाहेरचा नव्हेच. बाहेरची प्लेट टाक्यांच्या पलीकडे आहे आणि बार्ज तरंगते ती तिच्यावर. होल्डचा तळ, ज्याला यार्डात टँकटॉप म्हणतात, तो पोकलेनच्या आणि ग्रॅबच्या दणक्यांनी ठिकठिकाणी दबलेला असतो. तो पाहून लोक घाबरतात. खरं तर दबलेला टँकटॉप दुरुस्त करता येतो. घाबरायचं असेल तर न दिसणाऱ्या टाक्यांना घाबरा.

अल्ट्रासॉनिक गेजिंग, म्हणजे ध्वनिलहरींनी प्लेटची जाडी मोजणं, केल्याशिवाय एक पैसा देऊ नका. गेजिंगवाला रुपयाएवढी जागा ग्राइंडरने चकचकीत करतो, जेल लावतो, प्रोब टेकवतो आणि आलेला आकडा खडूने तिथेच प्लेटवर लिहितो. त्या खडूच्या आकड्यांचे फोटो स्वतः काढा, बार्जच्या कोणत्या फासळीजवळचा (फ्रेमजवळचा) आकडा ते फोटोतच दिसू द्या. मग मूळ ड्रॉइंगमधली जाडी शेजारी मांडा. मूळ ८ मिलिमीटरची प्लेट ६ वर आली असेल तर चौथा हिस्सा गेला. तिथे नवी प्लेट घालायची वेळ आली, असं धरून भाव करा.

कुठे मोजायचं हे विकणाऱ्यावर सोडू नका. पाण्याच्या रेषेचा पट्टा, जिथे पत्रा आलटून पालटून ओला आणि सुका होतो, तो सगळ्यात आधी. मग टाक्यांचा तळ, जिथे नदीचा गाळ बसून राहतो. साउंडिंग पाइपच्या, म्हणजे टाकीतलं पाणी मोजायच्या नळीच्या, बरोब्बर खालची जागा, कारण वर्षानुवर्षं मोजपट्टीचं वजन तिथेच आपटलेलं असतं. समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या व्हॉल्व्हभोवतीची प्लेट. आणि डब्लर. जुनी प्लेट न कापता तिच्यावर दुसरी चिकटवून वेल्ड केलेली असेल तर खालची किती उरलीय ते नीट कळत नाही. एकावर एक दोन डब्लर दिसले तर मी सरळ दुसरी बार्ज बघायला सांगतो.

विकत घ्यायच्या उत्साहात आलेल्या एका गृहस्थांना यार्डातल्या फोरमनने शांतपणे सांगितलं होतं, "पात्रांव (मालक), जेवणाची खोली कुठे ते मागाहून सांगा. आधी ह्या टाक्या उघडायचे पैसे देताय काय ते सांगा."

टाकीत उतरणं

हा भाग घाईत वाचू नका. बंद टाकीत लोखंड गंजत असतं आणि गंज हवेतला प्राणवायू खातो. महिनोन्‌महिने झाकण न उघडलेल्या टाकीत विषारी वायू नसला तरी माणूस दोन पायऱ्या उतरून कोसळू शकतो. श्वास कोंडल्याचं त्याला कळतही नाही, कारण छातीत हवा जात असते, फक्त तिच्यात प्राणवायू नसतो. तळाशी कुजलेला गाळ असेल तर हायड्रोजन सल्फाइडही असतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. "आता वास गेला, उतरा" हे वाक्य म्हणूनच धोक्याचं.

काम असं चालतं. टाकीला दोन मॅनहोल असतील तर दोन्ही उघडायची, एकीकडून ब्लोअरने हवा आत ढकलायची, दुसरीकडून बाहेर पडू द्यायची. निदान एक रात्र जाऊ द्यावी. मग गॅस मीटरची नळी वर, मध्ये आणि तळाशी सोडून तिन्ही ठिकाणी वाचन घ्यायचं. मोकळ्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो, मीटरनेही तेवढाच दाखवला पाहिजे. १९.५ च्या खाली असेल तर आत डोकंही घालायचं नाही. आत माणूस असेपर्यंत ब्लोअर चालू, मीटर त्याच्या खिशाला, वर तोंडाशी एक माणूस नुसता बसलेला. त्याला दुसरं काम द्यायचं नाही, चहा आणायलासुद्धा पाठवायचं नाही.

आत कुणी पडला तर मागोमाग उडी मारायची नाही. अशा अपघातांत दुसरा आणि तिसरा जीव वाचवायला गेलेल्यांचा जातो. तोंडावर रुमाल किंवा धुळीचा मास्क बांधून काही होत नाही, त्याने प्राणवायू वाढत नाही. श्वसनयंत्र लावलेला माणूसच उतरू शकतो. तो यार्डात नसेल तर त्या दिवशी टाकी उघडायची नाही.

कागदपत्रं

इथे लोक अर्धवट माहितीवर उड्या मारतात, म्हणून मोजकंच सांगतो. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या अंतर्गत जलवाहतुकीच्या नौकांना २०२१ चा इनलँड व्हेसल्स कायदा लागू होतो, १९१७ चा जुना कायदा त्याने मागे पडला. गोव्यात नोंदणी आणि सर्वेक्षणासाठी पणजीतल्या कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या खात्याकडे जावं लागतं. मालवाहू म्हणून नोंदलेल्या बार्जमध्ये माणसं राहणार, तर वापर बदलतो, रचना बदलते आणि स्थिरतेचे कागद नव्याने करावे लागतात. त्यासाठी नेव्हल आर्किटेक्ट, म्हणजे बोटींची रचना करणारा तज्ज्ञ, लागतोच. इंटिरियरवाल्याआधी त्याला गाठा. प्लेट कापण्याआधी ड्रॉइंग मंजूर करून घ्या, कापल्यावर नव्हे.

बार्ज उभी कुठे करणार, हा वेगळाच प्रश्न आहे. मांडवी, जुवारी आणि कुंभारजुवे कालवा हे तिन्ही २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग झाले आहेत. मांडवी ६८ क्रमांकाचा, जुवारी १११, कालवा २७. शिवाय भरतीचं पाणी पोचणारा नदीकाठ सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, कक्षेत येतो. जेटी, खांब, गँगवेचा (काठावरून बार्जवर जायच्या पुलाचा) चौथरा, काठावरचा सेप्टिक टँक, यांतलं काहीही करण्याआधी किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे विचारणा करा. सांडपाण्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. काठाची जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावच्या सामाईक मालकीची, आहे की खासगी, वाट कुणाची, हेही आधीच बघून ठेवावं. बार्ज आपली असून घरी जायला वाट नाही, अशी गंमत होऊ शकते.

विम्यात बुडालेलं किंवा रुतलेलं जहाज हटवण्याचा खर्च धरलेला आहे ना, ते वाचून बघा. कांदोळीच्या किनाऱ्यावर 'रिव्हर प्रिन्सेस' जून २००० मध्ये रुतलं आणि दहा वर्षांहून जास्त काळ तिथेच राहिलं. ते सगळ्या गोव्याने पाहिलंय.

आधी छप्पर, मग बाकी

आपल्या बार्जचा होल्ड वरून उघडा असतो, पावसात ताडपत्री ओढतात तेवढीच. समजा होल्ड ३० मीटर लांब आणि ९ मीटर रुंद आहे. क्षेत्रफळ २७० चौरस मीटर. त्यावर तीन मीटर पाऊस म्हणजे एका पावसाळ्यात ८०० टनांवर पाणी. नुसतं ५ सेंटिमीटर पाणी तळाला साचलं तरी ते साडेतेरा टन होतं, आणि बार्ज जरा कलली की सगळं एका बाजूला धावतं. मोकळं पाणी बार्जची स्थिरता कशी खातं हे कुठल्याही सारंगाला विचारा.

त्यामुळे सामान आणण्याआधी छप्पर. पोलादी आडव्या तुळया कोमिंगवर, म्हणजे होल्डच्या तोंडाभोवतीच्या उभ्या पोलादी कडेवर, बसवून त्यावर पत्रा, मधोमध उंच आणि दोन्ही बाजूंना उतार. सपाट छप्पर करू नका, कितीही छान दिसलं तरी. एकदोन भाग बोल्टचे ठेवा, म्हणजे उद्या मोठी टाकी किंवा जनरेटर क्रेनने बाहेर काढता येईल. छपराची उंची ठरवताना पुलांचं बघा. खनिज नसलेली बार्ज पाण्यावर बरीच वर उठलेली असते. पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी लाटा उठल्या की बार्ज कुंभारजुवे कालव्यातून जुवारीकडे नेतात, तिथे बाणस्तारीचा पूल आहे. आज नाही तरी कधीतरी पाण्याबाहेर दुरुस्तीला, ड्राय डॉकला, जावंच लागेल. भर भरतीत पाण्यापासून छपराच्या टोकापर्यंतचं माप घेऊनच ड्रॉइंग पक्कं करा.

वेळेचं गणित पावसाळ्यावरून. ऑक्टोबरात पाऊस सरला की कापाकापी आणि वेल्डिंग, डिसेंबर ते फेब्रुवारी ब्लास्टिंग (दाबाने ग्रिट मारून गंज आणि जुना रंग उडवणं) आणि रंग, मार्चनंतर आतलं काम. मेच्या मध्यापर्यंत छप्पर, बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी उपसणारे) आणि दोर तयार पाहिजेत. बाकी फर्निचर जुलैत झालं तरी चालतं.

वजन

समजा बार्ज ६० मीटर लांब, १२ मीटर रुंद आहे. टोकांचा निमुळतेपणा वजा केला तर पाण्याच्या पातळीवर साधारण ६५० चौरस मीटर क्षेत्र उरतं. म्हणजे एक सेंटिमीटर खाली जायला तिला साडेसहा टन लागतात. तुमचं सगळं घर, फरशीपासून फ्रीजपर्यंत, ६० टन धरलं तर ती जेमतेम ९ सेंटिमीटर बसेल. हीच बार्ज दीड हजार टन खनिज घेऊन दोन मीटरांहून खाली बसत होती.

नवख्याला वाटतं, हलकी आहे म्हणजे बरंच. तसं नाही. उंच उठलेल्या बार्जला वारा जास्त लागतो, दोरांवर ताण जास्त येतो, गँगवेचा उतार खडा होतो. त्यातून वर दुसरा मजला चढवला तर वजन वर आणि तळ मोकळा. म्हणून तळाशी भार घालावा लागतो. पाण्याचा भार स्वस्त, पण टाक्या पूर्ण भरलेल्या पाहिजेत, अर्धवट नव्हे, आणि ते पाणी आतून प्लेट खात राहतं. काही जण तळात काँक्रीट ओततात. मी त्याच्या विरुद्ध आहे. काँक्रीटखालची प्लेट पुन्हा कधी दिसत नाही. उचलता येतील असे, मूठ असलेले काँक्रीटचे किंवा लोखंडाचे ठोकळे लाकडी पट्ट्यांवर मांडून, हलणार नाहीत असे अडकवावेत. किती आणि कुठे, ते नेव्हल आर्किटेक्ट कलचाचणी करून सांगेल: ठरावीक वजन एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेतात, लंबक किती सरकतो ते मोजतात, त्यावरून हिशेब.

कापणं, जोडणं, रंगवणं

आता खिडक्या. बाहेरच्या प्लेटमध्ये नाही. तिथे भोक पाडलं तर ते पाण्याच्या किती वर आहे यावर तुमचा जीव अवलंबून. डेकच्या वर आलेल्या कोमिंगमध्ये खिडक्या काढता येतात, पण कोमिंग ही बार्जच्या लांबीची ताकद धरणारी पट्टी आहे, म्हणून लहान, एकमेकींपासून दूर आणि कोपरे गोल. चौकोनी कोपऱ्यातून तडा निघतो. सगळ्यात चांगला उजेड छपरातून येतो. पुढचं कोलिजन बल्कहेड आणि इंजिनरूमचं बल्कहेड, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या पोलादी भिंती, यांना हात लावू नका. "एक छोटासा दरवाजा" तिथे मागणारे खूप भेटतात.

वेल्डिंग करताना पत्र्याच्या पलीकडे काय आहे ते बघूनच ठिणगी पाडायची. डिझेलच्या टाकीला लागून काम असेल तर टाकी धुऊन, गॅस-फ्री दाखला घेऊन. दोन्ही अंगांना पाण्याचा पाइप घेतलेला माणूस हवा, आणि काम थांबल्यावरही त्याने निदान अर्धा तास हलायचं नाही. वेल्डिंग मशीनचा अर्थिंगचा क्लॅम्प कामाच्या जवळ, त्याच बार्जला. जेटीला किंवा शेजारच्या बार्जला लावला तर करंट पाण्यातून फिरतो आणि कुणाची तरी प्लेट खातो.

जुन्या रंगात शिशाचा शेंदूर असू शकतो, आणि इंजिनरूममधल्या एग्झॉस्टच्या गुंडाळीत, गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस. गुंडाळी फाडण्याआधी तुकडा तपासायला पाठवा. ब्लास्टिंगला नदीची रेती वापरू नका, सिलिकाची धूळ फुफ्फुसात कायमची बसते. कॉपर स्लॅग वगैरे ग्रिट मिळते. आणि बार्जभोवती कापड बांधा. खालच्या चिखलात तिसऱ्या आणि खुबे हे शिंपले काढणारी माणसं आहेत, रंगाचे पापुद्रे त्यांच्या टोपलीत जाता कामा नयेत.

ब्लास्टिंगनंतर पोलाद एसए २.५ दर्जाचं, म्हणजे जवळजवळ पांढरं दिसलं पाहिजे आणि त्याच दिवशी रंगाचा पहिला हात बसला पाहिजे. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि प्लेटचं तापमान दवबिंदूच्या निदान ३ अंश वर, हा इपॉक्सी रंगाचा नियम. गोव्यात पावसाळ्यात हा नियम पाळता येत नाही, आणि हिवाळ्यातसुद्धा पहाटे नदीवर दव असतं. म्हणून दहाच्या आधी ब्रश उचलायचा नाही. कंत्राटदार कुरकुर करेल. करू दे.

भिंत आणि फरशी

छपराला इन्सुलेशन हवंच. मेमध्ये दुपारी डेकवर अनवाणी पाय टेकवत नाही. छपराच्या खालच्या अंगाला पिनांवर रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), त्यावर फॉइल, वर पांढरा रंग आणि जमलं तर त्याच्याही वर हातभर अंतर सोडून कापडाची सावली. या सावलीने जितका फरक पडतो तितका महागड्या एसीनेही पडत नाही.

बाजूंच्या भिंतींना मात्र काही चिकटवू नका. स्प्रे फोम मारून घेण्याची फॅशन आहे. एका दिवसात सगळं झाकतो, गुळगुळीत दिसतं. पण मागचा पत्रा त्याने कायमचा झाकला जातो, आणि उद्या बगलेच्या टाकीत वेल्डिंग करावं लागलं तर तो पेटतो, विषारी काळा धूर होतो. त्याऐवजी रंगवलेली प्लेट उघडीच राहू द्या आणि तिच्यापासून आठ-दहा सेंटिमीटर पुढे पॅनेल उभी करा, वर आणि खाली फट सोडून, म्हणजे मागे हवा खेळेल. पावसाळ्यात दमट हवा एसीने गार झालेल्या पॅनेलच्या मागच्या अंगाला लागली की तिथे पाणी सुटतं. हवा फिरत असेल तर ते सुकतं, नसेल तर बुरशी आणि गंज.

प्लायवूड आयएस ७१० चं, म्हणजे मरीन. जिप्सम बोर्ड नको, एमडीएफ तर नकोच. स्क्रू आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, एसएस ३१६ चे, लोखंडाला टेकतात तिथे नायलॉनचा वॉशर. पॅनेल एका माणसाला उचलता येईल एवढंच. प्रत्येकाच्या मागे नंबर, आणि तेच नंबर असलेला नकाशा फ्रेम करून केबिनमध्ये.

फरशी टँकटॉपवर थेट टाकायची नाही. पायांवर उभी केलेली गॅल्व्हनाइज्ड चौकट, तिच्यावर उचलत्या फळ्या. दुहेरी तळाची मॅनहोल टँकटॉपमध्येच असतात हे विसरून लोक नेमका ओटा तिथे बांधतात. आधी मॅनहोलांच्या जागा खडूने आखा, मग खोल्या आखा. बोल्टांना ग्रीस लावून ठेवा. बिल्जच्या खड्ड्यांपर्यंत पाण्याला उतार आणि माणसाच्या हाताला वाट, दोन्ही पाहिजे.

हवा, गॅस, बाहेर पडायच्या वाटा

होल्ड म्हणजे बाजूंनी बंद, खोल पेटी, त्यामुळे जड हवा आपोआप बाहेर जाणार नाही. एलपीजी हवेहून जड. गळाला तर बिल्जमध्ये जाऊन बसतो आणि पंपाच्या ठिणगीची वाट बघतो. सिलिंडर वर डेकवर, नदीकडे भोक असलेल्या पेटीत. याहून चांगलं म्हणजे गॅस घ्यायचाच नाही, इंडक्शनवर स्वयंपाक. जनरेटरचा धूर वाऱ्याने व्हेंटमधून परत आत येत नाही ना, तेही बघावं. धुराचे आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म झोपायच्या प्रत्येक खोलीत.

एका टोकाला खालची हवा बाहेर ओढणारा पंखा, दुसऱ्या टोकाला आत येणारी वाट. आणि बाहेर पडायला दोन जिने, दोन वेगळ्या टोकांना. दुसरा जिना म्हणजे छपरातला हॅच आणि शिडी असली तरी चालेल, पण तो आतून किल्लीशिवाय उघडला पाहिजे आणि त्याच्याखाली कपाट नसावं.

वीज, पाणी, संडास

काठावरून वीज घेताना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मधे घाला. तो नसेल तर अर्थिंगच्या तारेतून तुमची बार्ज जेटीच्या सगळ्या लोखंडाशी जोडली जाते आणि गंज झपाट्याने लागतो. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, हवीच. वायरी छपराजवळून, फरशीखालून नाहीत. बाहेर पाण्याखाली ॲनोड लागतात, म्हणजे प्लेटऐवजी स्वतः झिजणारे धातूचे ठोकळे. समुद्रावर जस्ताचे वापरतात, पण आपल्या नद्या पावसाळ्यात गोड्या होतात, मांडवीवर आत आमोण्याकडे तर अगदीच, आणि गोड्या पाण्यात जस्त निजतं. खाडीच्या पाण्याला ॲल्युमिनियमचे ॲनोड बरे.

छपरावरचं पावसाचं पाणी साठवता येतं, पण दहा हजार लिटर म्हणजे दहा टन, ते खाली आणि मधोमध, आडव्या पडद्या असलेल्या टाकीत. संडास खाली होल्डमध्ये बसणार, म्हणून त्याचं पाणी पंपाने साठवण टाकीत आणि तिथून काठावर. नदीत काहीही सोडायचं नाही. हँड शॉवरचं पाणीसुद्धा नाही. समुद्राकडून येणाऱ्या प्रत्येक नळीला पातळीच्या वर नेऊन परत आणा आणि टोकाला हवेचा व्हॉल्व्ह द्या, नाहीतर सायफन होऊन रात्रीत खोली भरते.

बांधून ठेवणं

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आपल्याकडे पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. दोर आखडून बांधले तर ओहोटीला बार्ज दोरांना लटकते. लांब दोर, तिरपे बांधलेले, टोकाला साखळी. गँगवेचं एक टोक चाकांवर. जागा घेण्याआधी उधाणाच्या ओहोटीला होडीतून काठीने तळ चाचपून घ्या. सपाट बुडाची बार्ज चिखलावर छान बसते, पण मधे एक खडक असेल तर त्याच ठिकाणी प्लेट दबते. जुलैत वरून झाडांचे ओंडके वाहत येतात, म्हणून वरच्या अंगाला टायरांची दुहेरी ओळ.

राहायला गेल्यावर

पहिल्या रात्री तळातून लाह्या फुटल्यासारखी चटचट ऐकू येते. वायरिंग जळत नाही, खाडीतल्या पिस्तूल कोळंब्या आहेत. सवय होते.

रोज सकाळी सगळ्या टाक्यांचं साउंडिंग घ्या आणि वहीत लिहा. पट्टीला पाणी दाखवणारी पेस्ट लावली की वाचन चुकत नाही. एखादी रिकामी टाकी आठवड्यात दोन सेंटिमीटर चढली तर कुठेतरी सुईएवढं भोक आहे, आणि ते सापडायला सोपं असतानाच सापडेल. बिल्जचा अलार्म आठवड्यातून एकदा हाताने फ्लोट उचलून वाजवून बघायचा.

सर्वेक्षणाची तारीख आली की स्लिपवेवर, म्हणजे बार्ज पाण्याबाहेर ओढून घ्यायच्या उतारावर, जाण्याआधी पॅनेल उतरवायची, प्लेट पुसायची, पुन्हा गेजिंग, आणि खडूचे नवे आकडे जुन्या फोटोंशेजारी. प्रत्येक खोलीच्या बोल्टांसाठी वेगळा डबा ठेवा. डब्यावर खोलीचा नंबर रंगाने लिहा, स्टिकर नदीच्या हवेत टिकत नाहीत.